वाढत्या गावाचं पाणी आणि सांडपाणी: आधी काय, नंतर काय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवेली तालुक्याच्या पूर्व भागातलं तुमचं गाव २०११ च्या जनगणनेत ६,००० वस्तीचं होतं, आज ते १८,००० च्या घरात आहे. जुनी विहीर आहे, काही बोअर आहेत, जलजीवन मिशनमधून नवी टाकीही झाली, तरी पाणी दिवसाआड येतं. सोसायट्या टँकरवर चालतात आणि त्यांच्या सेप्टिक टाक्यांचं पाणी ओढ्यात वाहतं. ग्रामपंचायतीकडे पैसा बेताचा. त्यात ग्रामसभेत अर्धे लोक म्हणतात, 'आज ना उद्या महापालिकेत जाणारच आहोत, मग आता खर्च कशाला?' आधी काय हाती घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

उत्तर पहिल्यांदा सांगून टाकतो, कारणं नंतर. जे पुढे पैसे मोजूनही मिळणार नाही ते आधी ताब्यात घ्या: उंचावर टाक्यांची जागा, गावाच्या सगळ्यात खालच्या टोकाला सांडपाणी शुद्धीकरणाची जागा, ओढ्याकाठची पट्टी, आणि धरणातलं किंवा प्रादेशिक योजनेतलं हक्काचं पाणी. पंप, पाण्यात क्लोरिन सोडणारा क्लोरिनेटर, सांडपाण्यात हवा फुंकणारा ब्लोअर ही यंत्रं कधीही विकत मिळतात आणि १५ वर्षांत बदलावीच लागतात. ती गरजेपुरती, टप्प्याटप्प्यानं घ्या. दुसरं, येणारं पाणी आणि जाणारं पाणी एकाच नकाशावर, एकाच बैठकीत ठरवा. आपल्याकडे टाकीचं भूमिपूजन आधी होतं, सांडपाण्याचा विचार चार-पाच वर्षांनी सुरू होतो, आणि तोवर शुद्धीकरणाला योग्य अशा एकमेव जागेवर एखादी घरांची स्कीम उभी राहिलेली असते.

आता आकडे बघू. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर ही किमान सेवेची पातळी आहे. मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरासाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेत, म्हणजे आपण ज्याला सीपीएचईईओ मॅन्युअल म्हणतो त्यात, १३५ लिटर धरतात. समजा १५ वर्षांनंतरची तुमची लोकसंख्या ४५,००० धरून योजना केली. ५५ लिटरच्या हिशेबानं ती रोज पावणेपंचवीस लाख लिटरची होते. आज गावात असलेली १८,००० माणसं १३५ लिटरनं किती पाणी वापरतात? २४ लाख ३० हजार लिटर. म्हणजे कागदावर १५ वर्षं पुरणारी योजना पहिल्याच दिवशी जवळजवळ संपलेली असते, आणि गळती धरली तर अपुरीच पडते. टाकी नवी असूनही पाणी दिवसाआड का येतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. फ्लश असलेल्या फ्लॅटमधलं कुटुंब ५५ लिटरवर राहत नाही. नळानं आलं नाही तेवढं पाणी ते टँकरनं आणतं, आणि तो टँकर बहुतेक वेळा तुमच्याच शिवारातल्या बोअरवर भरलेला असतो. गावाचं पाणी तेच राहतं, वाटप मात्र पैशावर होतं. हे मला नेहमी अस्वस्थ करतं, कारण बोअर आटला की पहिली झळ टँकर न परवडणाऱ्या घराला बसते.

तेव्हा आराखड्यात १३५ लिटर धरा, गळतीचे १५ टक्के धरा. ४५,००० माणसांना ७१ लाख लिटरच्या वर जातं. हा आकडा बघून सभेत लोक घाबरतील. पण एवढं सगळं उद्या बांधायचं नाही. एवढ्यासाठी जागा आणि पाण्याचा हक्क राखायचा, आणि मुख्य पाइप त्या मापाचा टाकायचा.

पाइपाबद्दल इथेच सांगतो, कारण काटकसर नको तिथे होते. पाइपाचा व्यास दीडपट केला तर त्याच उतारात त्यातून जवळजवळ तिप्पट पाणी जातं, दुप्पट केला तर सहापट. खोदाई, भराव, रस्ता दुरुस्ती यांचा खर्च त्या मानानं फारच थोडा वाढतो. म्हणून मुख्य वाहिनी ३० वर्षांचा विचार करून टाकावी आणि पंप आजच्या गरजेचे बसवावेत. बऱ्याच गावांत मी याच्या नेमकं उलट पाहिलं आहे: मोठा पंप, आणि त्याच्या पुढे दम कोंडणारी बारीक लाइन.

लोकसंख्येचा अंदाज बांधताना मात्र मागच्या जनगणनांची रेघ पुढे ओढू नका. १९९१, २००१, २०११ घेऊन काढलेली सरासरी वाढ पुण्याच्या वेशीवरच्या गावात काही कामाची नाही. वाघोलीत, मांजरीत, सूस-म्हाळुंग्यात जे झालं ते कुठल्याच जुन्या रेघेत बसत नव्हतं. माणसं मोजायच्या चार जागा आहेत. पीएमआरडीएकडून, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, तुमच्या हद्दीत मंजूर झालेल्या सदनिकांची यादी मागवा, बांधकाम सुरू असो वा नसो. ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही घ्या. महावितरणकडून घरगुती जोडण्यांची वर्षवार संख्या मिळते. आणि शाळांतली पटसंख्या. हे चारही आकडे शेजारी मांडले की खरी वाढ दिसते. यात एक वर्ग कायम निसटतो: भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार. एका मिळकतीवर दहा खोल्या आणि प्रत्येक खोलीत चार-पाच माणसं, पण नोंदवहीत घर एकच आणि नळजोड एकच. तुमच्या आशाताईंना या खोल्या पाठ असतात. त्यांना सोबत घेऊन वस्तीवस्तीनं मोजणी करा. ही माणसं हिशेबात आली नाहीत तर टाकी कमी पडेलच, पण उघड्यावर जाणाऱ्या सांडपाण्याचा मोठा भागही तुमच्या नकाशात कधी दिसणार नाही.

स्रोत. आपल्याखाली काळा पाषाण आहे. बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. अशा खडकात खोल गेलं म्हणजे पाणी जास्त, हा समज चुकीचा आहे. ३०० फुटांखाली लागलेली भेग एका उन्हाळ्यात रिकामी होऊ शकते, आणि ती पुन्हा भरायला वरून पाणी उतरण्याची वाट असावी लागते. शिवाय पुणे जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्यानं कमी होतो. मुळशी-वेल्ह्याला हजारो मिलिमीटर, पुणे शहरात ७०० च्या आसपास, दौंड-बारामतीकडे त्याहूनही कमी. तुम्ही त्या उतरणीवर आहात. त्यामुळे ४५,००० माणसांचं गाव भूजलावर जगणार नाही, हे आत्ताच मान्य करा. जलसंपदा विभागाकडे बिगरसिंचन पाण्याच्या आरक्षणाचा ठराव आणि प्रस्ताव आजच द्या. एकट्यानं नको, शेजारच्या चार-पाच गावांसोबत द्या. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून जेमतेम २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठतं, आणि त्यावर शहराचा, कालव्याखालच्या शेतीचा, दौंड-इंदापूरचा असा सगळ्यांचा डोळा आहे. या रांगेत उशिरा उभं राहणाऱ्याला कमी मिळतं.

पण जुनी विहीर सोडू नका. धरणाचं पाणी येईपर्यंत तीच आधार आहे आणि आल्यानंतरही राहील. वाहिनी फुटली, वीज गेली, आवर्तन लांबलं की गावाला दोन दिवस तगवणारी तीच. तिच्याभोवती कठडा, वर जाळी, आणि आजूबाजूला शोषखड्डा नाही याची खात्री करा. भारतीय मानकानुसार सेप्टिक टाकीचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर लांब हवा. आपल्या भेगाळ मुरुमात मी त्यावरही विसंबत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, नायट्रेट तपासा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आकडा दर वर्षी चढत असेल तर मैलापाणी किंवा खताचं पाणी विहिरीकडे येतंय, मग पाणी कितीही नितळ दिसो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. निरीक्षण विहिरींच्या नोंदी त्यांच्याकडे मिळतात, त्या मागून घ्या.

वितरणात सगळ्यात जास्त वेळ मी उंचीवर घालवतो. गावाचा समोच्च नकाशा, म्हणजे जमिनीचे उंचसखल भाग दाखवणारा नकाशा, नसेल तर कशालाही हात लावू नका. सर्वेक्षणाला खर्च येतो, पण चुकीच्या जागी बांधलेली टाकी तिच्या आयुष्यभर नडते. एकाच टाकीवर उंचवट्यावरची वाडी आणि ओढ्याकाठची आळी दोन्ही घेतल्या की खालच्यांना धो धो, वरच्यांना हवा. मग वरची माणसं नळाला मोटर लावतात, आणि तिथून सगळं बिघडत जातं. दोन मजली वस्तीला नळाशी १२ मीटर दाब मिळावा असं धरून उंचीप्रमाणे दोन-तीन झोन पाडा, प्रत्येकाला स्वतंत्र टाकी. रोजच्या मागणीच्या साधारण एक तृतीयांश साठवण पुरते. पुढच्या मागणीसाठी ती २४ लाख लिटर होईल. आज त्यातली एक टाकी बांधा, बाकी दोन जागा ग्रामपंचायतीच्या नावावर करून सातबाऱ्यावर नोंद घ्या. प्रत्येक झोनच्या तोंडाशी एक मीटर बसवा. त्याशिवाय गळती कुठे आहे हे कुणालाच कधी कळणार नाही.

दिवसाआड पाण्याचा खरा धोका टंचाईपेक्षा मोठा आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. पुढच्या वेळी पाणी सुटायच्या आधी गावातल्या जुन्या आळीत जाऊन गटाराचं झाकण उचलायला सांगा. मुख्य पाइपावरच्या फेरूलपासून (नळजोड घेण्याच्या तोटीपासून) घराकडे जाणारी अर्ध्या इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पाइप बहुतेक ठिकाणी गटाराला आडवी जाते, अनेकदा त्याच्या पाण्यातून. दहा वर्षांत ती तळाकडून गंजते. सॉकेटच्या जोडाशी लालसर पापुद्रे सुटलेले दिसतील, नखानं खरवडलं तरी पडतात. लाइनला पाणी असतं तेव्हा दाबामुळे त्या भोकातून पाणी बाहेर येतं आणि गटार भरतं. पाणी बंद झालं, वर कुणी मोटर लावली, की लाइनमध्ये उलटी ओढ तयार होते आणि तेच गटार आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर पहिली बादली पिवळट येते ती यामुळे. लोक ती ओतून देतात आणि दुसरी भरतात. दुसऱ्या बादलीत फक्त रंग गेलेला असतो.

या जोडण्या बदलणं हे तुमच्या हाती घेण्यासारखं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम आहे. जीआयऐवजी न गंजणारी एमडीपीई प्लास्टिक पाइप, गटाराच्या वरून किंवा केसिंगमधून (बाहेरच्या संरक्षक नळीतून), आणि एका गल्लीत दहा फेरूलऐवजी एकाच ठिकाणाहून नीट फाटे. नव्या कामात पाण्याची लाइन आणि मैलापाण्याची लाइन यांत आडवं ३ मीटर अंतर ठेवा. जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे पाण्याची वर, मैलापाण्याची किमान अर्धा मीटर खाली. अरुंद आळीत ३ मीटर मिळत नाहीत, मग तिथे मैलापाण्याची लाइन अधिक खोल आणि पक्क्या जोडांची करा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी भागात गीया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, हे तुम्हाला आठवत असेल. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. ही गावं तुमच्यासारखीच झपाट्यानं वाढलेली, आणि काही वर्षांपूर्वीच महापालिकेत आलेली. कुणावर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. वस्ती शहराची आणि पाण्याची व्यवस्था गावाची राहिली की काय होऊ शकतं, हे आपल्या जिल्ह्यानं इतक्या जवळून पाहिलं आहे, ते विसरू नये म्हणून लिहितो.

क्लोरिनचं काम तुमच्याकडे जलसुरक्षक करत असेल. त्याच्याशी एकदा शांतपणे बोला, चौकशीच्या सुरात नको. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरिन असतं. लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो पावडर घातली तर लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या थोडं वर क्लोरिन पडतं. पण गोणी फोडून दमट खोलीत दोन महिने ठेवली की ताकद निम्म्याखाली येते, आणि तीच अर्धा किलो पावडर पाऊण मिलिग्रॅमसुद्धा देत नाही. त्यातलं बरंचसं गढूळपणातच खर्च होतं. म्हणून किती पावडर टाकली यापेक्षा शेवटच्या नळाला काय उरलं हे बघा. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ओटी टेस्ट, म्हणजे उरलेलं क्लोरिन रंगावरून दाखवणारी चाचणी, टाकीखाली करून रजिस्टर भरण्यात अर्थ नाही. झोनच्या शेवटच्या घरात जाऊन, नळ दोन मिनिटं सोडून, मग थेंब टाकायचे. पिवळा रंग आला नाही तर त्याच दिवशी कारण शोधायचं. आरोग्य विभागाचं हिरवं कार्ड मिळालं म्हणून वर्षभर निश्चिंत राहू नका. ते कार्ड पाहणीच्या दिवशीची स्थिती सांगतं, आणि पाणी रोज प्यायचं असतं.

आता सांडपाणी, ज्यावर बैठकीत सगळ्यात कमी बोललं जातं. घरात आलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. १०० फ्लॅटची एक सोसायटी घ्या, साडेचारशे माणसं. रोजचं सांडपाणी ४८,६०० लिटर. १०,००० लिटरचे जवळपास पाच टँकर रोज आत येण्याऐवजी बाहेर निघालेत आणि एकेक करून तुमच्या ओढ्यात रिकामे होताहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. सेप्टिक टाकी मैलापाणी शुद्ध करत नाही. ती गाळ खाली बसवते, तो थोडाफार कुजवते, आणि वरचं पाणी पुढे सोडते. त्या पाण्यात बरेचसे जंतू तसेच असतात. ते शोषखड्ड्यात मुरावं अशी कल्पना आहे, पण काळ्या मातीत ते मुरत नाही आणि मुरुमात ते फार वेगानं विहिरीकडे जातं. म्हणून दाट वस्तीत सेप्टिक टाकी ही तात्पुरती सोय आहे, कायमची नाही.

तरी पुढची काही वर्षं तुमचं गाव या टाक्यांवरच राहणार, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करा. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसली गेलीच पाहिजे, भरून वाहू लागल्यावर नाही. वाई आणि सिन्नर या आपल्याच राज्यातल्या दोन छोट्या शहरांनी हे करून दाखवलं आहे. शहराचे भाग पाडले, तीन वर्षांच्या फेऱ्यात प्रत्येक घराची टाकी ठरल्याप्रमाणे उपसली जाते, घरमालकाला ऐनवेळी गाडीवाला शोधावा लागत नाही, खर्च करातून भागतो. उपसलेला मैला शेतात किंवा ओढ्यात न टाकता शुद्धीकरण केंद्रात जातो. एकट्या गावाला असं केंद्र झेपणार नाही, पण शेजारच्या गावांचा गट करून नक्की झेपेल. दरम्यान महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या जवळच्या प्रक्रिया केंद्रात मैला स्वीकारायला लेखी परवानगी मागा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकीत माणूस उतरवू नका, उतरू देऊ नका. २०२२ मध्ये लोणी काळभोर आणि वाघोली परिसरात सेप्टिक टाक्यांत उतरलेल्या माणसांचे गुदमरून जीव गेले. २०१३ चा कायदा हे काम माणसाकडून करून घेण्यास मनाई करतो. ग्रामपंचायतीनं ठराव करून प्रत्येक सोसायटीला, प्रत्येक चाळमालकाला लेखी कळवावं की उपसा सक्शन गाडीनंच होईल, आणि त्या गाडीचा नंबर चावडीवर लावावा.

नळमार्गानं मलनिस्सारण करायचं तेव्हा ओढा हाच तुमचा मार्गदर्शक आहे. मैलापाणी उतारानं वाहतं, आणि गावाचा उतार ओढ्यानं आधीच शोधून ठेवलाय. १५० मिलिमीटरच्या नळाला दर १०० मीटरला साधारण ६० सेंटिमीटर उतार द्यावा लागतो, नाहीतर गाळ बसतो. सपाट भागात अर्ध्या किलोमीटरमध्ये नळ ३ मीटर खाली जातो, आणि पुढे पंपिंग आलं. प्रत्येक पंपिंग म्हणजे आणखी एक मोटर, एक वीजबिल, आणि वीज गेली की तुंबणारं चेंबर. म्हणून ओढ्याच्या दोन्ही काठांनी मुख्य मलवाहिनीसाठी पट्टी मोकळी ठेवा. पीएमआरडीएला ठरावासह नकाशा द्या आणि पुढच्या प्रत्येक लेआउटमध्ये ती सुटेल असा आग्रह धरा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानं पुण्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ओढा अरुंद झाला की मलवाहिनीलाही जागा उरत नाही आणि पुरालाही. दोन्हींसाठी मागणी एकच आहे, तेव्हा ती एकत्र मांडा.

पहिल्याच टप्प्यात घरोघर मलवाहिनी टाकू नका. ओढ्याला मिळणारे मोठे नाले अडवून तेवढं पाणी खालच्या टोकाला शुद्धीकरणाकडे न्या. जुन्या आळ्यांत, जिथे सेप्टिक टाक्या ठीक आहेत, तिथे गाळ टाकीतच ठेवून फक्त वरचं पाणी बारीक नळानं नेता येतं. हे खोदाईला सोपं आणि स्वस्त पडतं, मात्र टाक्या नियमित उपसल्या तरच चालतं. जिथे नव्या स्कीम होताहेत तिथे सुरुवातीपासून पूर्ण मापाची मलवाहिनी घाला.

शुद्धीकरणाच्या पद्धतीवर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते आधी विजेचा आणि माणसाचा विचार करावा. आजचं तुमचं सांडपाणी रोज १९ लाख लिटरच्या आसपास आहे. स्थिरीकरण तळी (सांडपाणी उथळ तळ्यांत साठवून ऊन-वाऱ्यानं आपोआप शुद्ध होऊ देणं) केली तर वीज जवळजवळ लागत नाही, चालवणारा कुशल नसला तरी चालतं, पण पाच एकरांच्या वर जमीन लागते. यांत्रिक केंद्र अर्ध्या एकराच्या आतबाहेर मावतं, पण रोज ब्लोअर चालवावे लागतात. गायरान शिल्लक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आजच मागणी करा. आज त्यावर तळी किंवा पाणवनस्पतींचं केंद्र करा, आणि पुढे सांडपाणी अडीचपट झालं की त्याच जमिनीवर यांत्रिक केंद्र मावेल. आज अर्ध्या एकरावर यंत्रं बसवली तर पुढे वाढायला जागा नाही. मोठ्या सोसायट्यांच्या स्वतःच्या केंद्रांकडेही बघा. वीज वाचवायला ती बंद ठेवलेली बऱ्याचदा आढळतात. दर महिन्याला ब्लोअरच्या मीटरचं रीडिंग मागितलं तरी खूप फरक पडतो.

आणि हे सगळं ओढ्यातून पुढे जातं कुठे? मुळा-मुठेत, तिथून भीमेत, तिथून उजनीत. सोलापूर ते पाणी पितं. आपण कुणाच्या तरी वर राहतो, हे पुण्याच्या आसपासच्या प्रत्येक गावानं मनात धरायला हवं.

पैशाचं. योजना बंद पडतात त्या बांधकामाअभावी नाही, वीजबिलाअभावी. १० लाख लिटर पाणी ६० मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर, साधारण २७२ युनिट वीज लागते. तुमच्या आजच्या मागणीला १५ टक्के गळतीनं रोज सुमारे ७८० युनिट, ४० टक्के गळतीनं ११०० युनिट. फरक रोज सव्वातीनशे युनिटांचा, वर्षाला १ लाख १८ हजारांचा. युनिटला ६ रुपये धरले तरी सात लाख रुपये जमिनीत मुरतात. झोनच्या मीटरचा आणि जोडण्या बदलण्याचा खर्च लोकांना पटवायला एवढा हिशेब पुरे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. असा निधी पेव्हर ब्लॉककडे वळू नये, यासाठी तुम्ही सदस्य म्हणून जागरूक राहा.

वार्षिक ठोक पाणीपट्टी हळूहळू मीटरवर न्या. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरनं, म्हणजे तुमच्याच मापाच्या गावानं, २४ तास पाणी दिलं, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला आणि वापर वाढेल तसा दर वाढता ठेवला. कमी वापरणाऱ्या कुटुंबाला पाणी स्वस्त पडतं, बाग आणि गाड्या धुणाऱ्याला महाग. तिथे जाऊन या, ग्रामसभेतले विरोध करणारे दोघं-तिघं मुद्दाम सोबत न्या. मीटर आधी सोसायट्यांपासून बसवा. त्यांच्या घाऊक जोडणीला एकच मीटर लागतो, आणि टँकरपेक्षा स्वस्त पाणी मिळत असेल तर त्या तक्रार करत नाहीत.

राहिला महापालिकेचा मुद्दा. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यातल्या लोकांना विचारा, समावेशाच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं का. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर आत जाऊन पुन्हा बाहेर आली, त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. हद्द कुठेही गेली तरी टाकीची जागा, ओढ्याची पट्टी, पाण्याचं आरक्षण आणि जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा गावासोबत राहतो. ज्या गावाकडे हे तयार असतं त्याचं काम पुढच्या यंत्रणेला सुरू करता येतं. ज्याच्याकडे नसतं, तिथे आधी सर्वेक्षणाची निविदा निघते आणि वर्षं जातात.

येत्या ग्रामसभेत चार ठराव घ्या, एवढं पुरे: समोच्च सर्वेक्षण, टाक्या आणि शुद्धीकरणाच्या जागांची मागणी, शेजारच्या गावांसोबत पाणी आरक्षणाचा प्रस्ताव, आणि गटारातून जाणाऱ्या नळजोडण्या बदलण्याचं काम. चौथं काम पावसाळ्याआधी सुरू करा, बाकी तिन्ही कागदपत्रांची आहेत आणि त्यांना वेळ लागतो. सर्वेक्षण झालं की सध्याच्या टाकीची तळपातळी आणि सगळ्यात उंच व सगळ्यात खालच्या वस्तीच्या पातळ्या मला कळवा. एवढ्यावरून झोन किती पाडायचे आणि दुसरी टाकी कुठल्या अंगाला घ्यायची, हे सांगता येईल.